आतलं बाक

वेदनेपुढे सर्व माणसं समान आहेत, असं मुलुंडच्या डॉ. मार्तंड कारखानिसांच्या दवाखान्यात सुबक अक्षरांत लिहून टांगलेलं होतं. त्या पाटीखाली दोन बाकं होती. बाहेरचं लाकडी, आतलं गादीचं. कोणी कुठे बसायचं ते कंपाउंडर काशीराम ठरवी. चेहरे बघण्यात तो वेळ घालवत नसे; चपला बघे.

बाहेरच्या बाकावरच्यांना डॉक्टर उभ्याउभ्या तपासत आणि लाल मिक्श्चर देत. आतल्यांना पडद्यामागच्या हिरव्या रेक्झिनच्या टेबलावर झोपवून, दाबून, ठोकून बघत.

रत्नप्रभाची कंबर सहा वर्षं दुखत होती, कुंदाताई प्रधानांची सहा महिने. दोघींची डावीकडे, एकाच जागी, पायात कळ उतरणारी. रत्नप्रभा कुंदाताईंकडे स्वयंपाकाला होती. तिला डॉक्टर म्हणाले होते, "वाकून कामं करतेस ना? तोच व्यायाम. गॅस असेल." कुंदाताईंना त्यांनी टेबलावर झोपवलं, एक्स-रे काढायला लावला, पट्टा दिला आणि वाकायला बंदी केली. त्यामुळे कुंदाताईंच्या वाट्याचं वाकणंही रत्नप्रभाकडे आलं.

कुंदाताईंच्या फ्रिजचा तिला कधी हेवा वाटला नव्हता. रंगीत टीव्हीचाही नाही. पण दोरीवर वाळणारा तो पट्टा दिसला की तिचं डोकं फिरे. तो धुवायचाही तिनेच.

"तिका टेबलार झोपवल्यानी," ती नवऱ्याला म्हणाली. "माका एकदा तरी झोपवल्यानी?"

गुणाजी संपात गिरणी गेल्यापासून घरीच असे. "अगो, टेबलार निजान कंबर बरी जाता तर खाली फळी घालतंय, नीज."

"तुमका नाय कळाचा."

"माका कळता. तुका दुखण्यापेक्षा तिचा पट्टाच जास्त दुखता."

हे खरं असल्यामुळे ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग कुंदाताई बहिणीकडे बोरिवलीला गेल्या. त्यांच्या उंच टाचेच्या सँडल दाराबाहेरच्या रॅकवरच राहिल्या. रत्नप्रभाने त्यांनीच दिवाळीला दिलेली जुनी जॉर्जेट नेसली, सँडल चढवल्या आणि कळ सोसत दवाखाना गाठला. काशीरामने खाली बघितलं आणि म्हणाला, "आत बसा मॅडम."

डॉ. कारखानीस जुहूच्या हॉटेलात कसल्याशा परिषदेला गेले होते. त्यांच्या जागी अनुपमा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने रत्नप्रभाला टेबलावर झोपवलं. रेक्झिन गार होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नेमक्या जागी बोट ठेवलं.

"आयाय गो!"

"कोकणातल्या का? आम्ही वेंगुर्ल्याचे!" डॉक्टरीण खूश झाली. "किती दिवस दुखतंय?"

"ॲक्च्युअली," रत्नप्रभा कुंदाताईंसारखी म्हणाली, "सहा वर्षं."

"अहो, इतकं अंगावर काढायचं? हे शिरेचं दुखणं आहे. एक्स-रे काढा, पट्टा लावा, आणि महिनाभर सक्त आराम. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कणीक मळायची नाही."

रत्नप्रभाचे डोळे भरून आले. दुखणं खरं होतं तर.

"घरी कामाला बाई नाही का?"

रत्नप्रभाने विचार केला. गादीच्या बाकावर बसणाऱ्या बाईकडे बाई असणारच.

"आहे ना."

"मग सगळं तिच्याकडून करून घ्या."

"तिचीपण कंबर दुखता, डॉक्टर. ह्याच जागी. तिने काय करायचं?"

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या बायकांचं असतंच हो. सवय असते त्यांना."

रत्नप्रभा चिठ्ठी घेऊन टेबलावरून खाली उतरली. काशीरामने दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई परतल्या. बहिणीने गव्हाचं अर्धं पोतं दिलं होतं. ते वर न्यायला त्यांनी रत्नप्रभाला खाली हाक मारली.

लिफ्ट बंद होती.