काडीचा हात

पहिल्या तासाला वर्गात झोपणाऱ्यांमध्ये माझं नाव सगळ्यात वर आहे, आणि ते मी स्वतःच्या कष्टाने कमावलेलं आहे. उजाडायच्या आत मैदानावर हजर व्हायचं, घामाने निथळेपर्यंत पळायचं, मग ओल्या केसांनी अर्थशास्त्राच्या तासाला येऊन मागणी-पुरवठ्याच्या पहिल्याच वाक्याला मान टाकायची, असं कॉलेजात आल्यापासून चाललं होतं. बाईंनी सुरुवातीला खडू मारून पाहिले. नंतर त्यांनी माझा नाद सोडला. "मैदानावर पळते आणि वर्गात पडते," असं त्या स्टाफरूममध्ये म्हणतात म्हणे. आता मी मैदानावर जात नाही आणि वर्गात झोपही लागत नाही. मागणी-पुरवठा सगळा ऐकावा लागतो.

कॉलेजात मात्र कुणाचं काही अडलेलं नाही. नाटकवाल्यांचं पडदा कुणी ओढायचा यावरून भांडण चालू आहे. ग्रंथालयातला पंखा चालू केला की अजूनही ट्रॅक्टरसारखा वाजतो आणि वर "शांतता राखा" अशी पाटी आहे. आपल्यावर आभाळ कोसळलं म्हणजे निदान कॅन्टीनच्या चहाने तरी जरा बरं व्हावं, पण तो होता तसाच पाणचट आहे. परवा तिथे दोन मुली बोलत होत्या, की आपल्या मुली रिले कशा काय हरल्या गं बाई. मी मागेच बसले होते. एरवी मी मध्ये तोंड घातल्याशिवाय राहिले नसते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला उगाच म्हणत नाही. पण मी चहा तसाच टाकून उठले.

चार बाय शंभरच्या रिलेत मी तिसरी पळायचे. तिसरीकडे वळण असतं. वळण संपलं की शेवटची मुलगी उभी असते आणि आपण जवळ येतोय असं दिसलं की ती पुढे तोंड करून पळायला लागते. मग मागे बघत नाही. बघितलं की वेग गेला. आपण मागून "हात" असं ओरडायचं, की तिचा डावा हात मागे येतो आणि त्या तळव्यात बॅटन ठेवायची. आपल्या मागून येणाऱ्या माणसाकडे न बघता हात पसरायचा, एवढा भरवसा मी तरी घरातल्या माणसांवरही टाकलेला नाही.

आमची शेवटची म्हणजे काडी. अंगावर मांस म्हणून नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिचं हे नाव पडलं, आणि पाडणारी अर्थातच मी. वळणावर तिचे पाय अडखळायचे, पण सरळ रेषेत तिला धरणारी आसपासच्या कॉलेजांत कुणी नव्हती. भानगड एकच होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिचं डावं कोपर मोडलं होतं आणि ते पुन्हा पूर्ण सरळ झालंच नाही. बाकीच्या मुलींचा हात मागे कसा खांद्याच्या रेषेत, ताठ येतो. काडीचा हात अर्धा वाकलेला, कमरेशी राहायचा. पहिल्या वर्षी आमच्या हातून बॅटन इतक्या वेळा पडली, की शिट्टीसर शिट्टी फेकून निघून गेले होते. शिट्टीसर म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक. ते शिट्टी घालूनच जन्माला आले असावेत.

मग काडी आणि मी दोघीच दुपारच्या उन्हात मैदानावर जायला लागलो. मी एक पाऊल जास्त जवळ जायला शिकले आणि बॅटन वरून न देता खालून, तिच्या कमरेशी सरकवायला शिकले. पुढे पुढे तर मला बघावंही लागत नसे. डोळे मिटून स्वतःच्या घरातल्या दिव्याचं बटण सापडतं ना, तसा तो हात सापडायचा. त्यानंतर आमच्याकडून बॅटन कधीच पडली नाही. सर म्हणायचे, तुम्हा दोघींना रिलेत नव्हे, जत्रेत खेळ करायला पाठवायला हवं.

काडी आमच्या घरी पडीक असायची. आई शिवणकाम करते, समोरच्या खोलीत मशीन, कापडाचे ढीग आणि गिऱ्हाइकांचे मापाचे कपडे. त्या ढिगावर काडी लोळायची आणि आई तिला काही बोलायची नाही. मी बसले की मात्र इस्त्री मोडायची. "ती हलकी आहे," आई म्हणायची. आम्हा सगळ्यांच्या पळायच्या चड्ड्या आईनेच शिवल्या आणि काडीची कंबर घेताना म्हणाली होती, की एवढ्या कापडात तर उशीचा अभ्रासुद्धा होणार नाही.

गेल्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चौथ्या आलो. तिसऱ्या संघात आणि आमच्यात पापणी लवेल एवढा फरक. पहिल्या तीन संघांना पदक आणि चौथ्याला काही नाही, हे मला लागलं ते लागलंच. यंदा शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की काडी तिच्या मामाच्या छापखान्यात कामाला जाणार हे ठरलेलं होतं. तिला पदकाचं काही नव्हतं. शेवटची शर्यत आपण दोघींनी पळायची, एवढंच तिचं म्हणणं.

आणि यंदा पहिल्या वर्षाला ती नवी आली. तिला आम्ही नवीच म्हणतो, अजून दुसरं नाव पडलेलं नाही. लांब पाय, लांब हात, बोलायला लाजणारी. तिने काडीला सरावात एकदा मागे टाकलं, मग दुसऱ्यांदा टाकलं. तिसऱ्यांदा सरांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि मला सामानाच्या खोलीत बोलावलं.

त्या खोलीत फुटक्या चेंडूंचा आणि ओल्या जाळ्यांचा वास असतो. सर मोजायची टेप गुंडाळत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "नवी वेगवान आहे, ते मला दिसतंय. पण शेवटी बॅटन तुला द्यायची आहे. कुणाला देणार ते तू सांग. इथलं बोलणं इथेच राहील."

मी कुणाच्याही वतीने भांडणारी मुलगी. हजेरी कापली म्हणून मी दुसऱ्यांच्यासाठी प्राचार्यांच्या दारात उभी राहिलेली आहे. काडीसाठी मला बोलायचं होतं ते सगळं तयार होतं. आमच्याकडून कधी पडत नाही, सर. वेग देण्या-घेण्यात भरून निघतो, सर. एवढं म्हटलं असतं तर सरांनी मान हलवली असती. पण मला ते तिसरं पदक दिसायला लागलं. आणखीही एक गोष्ट होती. त्या कोपरापायी मी तीन वर्षं वाकून, जपून बॅटन देत आले होते. एकदा मोकळ्या हाताने, पूर्ण वेगात दिली तर मी किती पळेन, असं मला कितीदा तरी वाटून गेलं होतं. ते काडीला कधी सांगितलं नव्हतं.

"नवीला घ्या," मी म्हटलं.

सरांनी टेप गुंडाळून संपवली. मग म्हणाले, बरं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं, की शेवटची नवी पळेल आणि काडी राखीव. काडीने सरांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. बांधलेलीच होती, ती सोडून परत बांधली.

तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. मी पण आवाज चढवला असता आणि मोकळी झाले असते. पण ती रोज सरावाला आली. आमचे बूट, पाण्याच्या बाटल्या सांभाळत कठड्यावर बसायची. आमच्या घरी मात्र यायची थांबली. आईने दोन-तीनदा विचारलं, काडी कुठे गं हल्ली. मी म्हटलं, अभ्यास आहे तिला. "आणि तुला नाही?" आई म्हणाली आणि मशीन चालू केलं.

नवीबरोबर सरावात सगळं नीट जमत होतं. सावकाश पळताना माणूस विचार करून हात उचलतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काडी कठड्यावरून उतरून माझ्याजवळ आली. इतक्या दिवसांत ती आपणहून बोलली ती तेवढीच.

"तिचा हात वर येतो," ती म्हणाली. "पूर्ण वेगात असशील तेव्हा लक्षात ठेव."

"माहीत आहे मला," मी फटकन म्हटलं. शिकवायला आली मोठी, असंही मनात आलं. तेही खोटं नाही.

शर्यत दुपारी होती. आमची पहिली चांगली सुटली, दुसरीने त्याहून चांगलं केलं, आणि माझ्या हातात बॅटन आली तेव्हा आम्ही दुसऱ्या होतो. वळण मी इतकं सुंदर कधीच मारलं नव्हतं. माझ्यापुढे फक्त एक पाठ होती आणि तीही जवळ येत होती. नवी निघाली. मी ओरडले, "हात." तिचा हात जिथे यायला हवा तिथे, खांद्याच्या रेषेत, ताठ, तळवा उघडा असा आला. आणि मी एक पाऊल जास्त पुढे गेले, वाकले आणि बॅटन तिच्या कमरेशी सरकवली.

तिथे हात नव्हता. बॅटन तिच्या मांडीवर आपटली, खाली पडली आणि शेजारच्या पट्ट्यात घरंगळत गेली. मी ती उचलून आणेपर्यंत बाकीच्या पाचही जणी पुढे गेल्या होत्या. नवी तरीही पळाली. लोक घरी जायला उठत असताना ती एकटी रेषेपर्यंत पोचली.

सर तिच्यावरच ओरडले. लांबून बघणाऱ्याला तिनेच सोडली असं वाटलं असणार. ती बिचारी सॉरी सर, सॉरी सर करत रडत होती. मी मध्ये जाऊन सांगितलं, की हिची काही चूक नाही, मी खाली दिली. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. शिट्टी हातात धरून ते दुसरीकडे निघून गेले.

मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे, नळापाशी जाऊन बसले. काडी शोधत आली. तिने बाटली पुढे केली आणि शेजारी बसली. ती खूश असेल असं मला वाटलं होतं, निदान थोडी तरी. पण तिचे डोळे माझ्यापेक्षा लाल होते.

"माझ्या हाताला दिलीस," ती म्हणाली.

मी मान हलवली. तेवढ्या शब्दांनी मला इतकं रडू आलं, की वाटलं, आता सगळं नीट होईल. माझं अंग तिला विसरलेलं नाही, हे तिला दिसलंच आहे. मग आता बाकीचं सांगायचं तरी कशाला? आणि मी तोंड उघडलं.

"सरांचंच डोकं फिरलं होतं," मी म्हटलं. "आपल्या दोघींना तोडायची काय गरज होती त्यांना? मला विचारलं असतं तर..."

"अगं," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रागाने नाही. मी पुढे बोलू नये म्हणून. "त्यांनी आधी मला बोलावलं होतं. म्हणाले, काय करू? मीच म्हटलं, सर, बॅटन ती देणार, तिला विचारा. ती म्हणेल ते मला मान्य."

नळाखालच्या बादलीत पाणी पडत होतं. मी त्याकडेच बघत राहिले.

"मला वाटलं," काडी म्हणाली, "यात विचारायचं तरी काय आहे."

मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली. सॉरी म्हणायलाही मी आधीचं खोटं मागे घ्यायला हवं होतं, आणि तेवढंही माझ्याने झालं नाही. मग ती उठली, कपडे झटकले आणि नवी कुठे आहे असं विचारलं. ती एकटीच रडत असेल, म्हणाली.

बसमध्ये मी नेहमीसारखी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ती अडवून ठेवली. काडी नवीला धरून चढली, माझ्या पुढच्या बाकावर तिला बसवलं आणि स्वतः तिच्याजवळ बसली. सगळ्यात शेवटी सर आले. बस भरली होती. माझ्या पिशवीकडे बोट करून त्यांनी विचारलं, की इथे कोण बसतंय.

"कुणी नाही, सर," मी म्हटलं. पुढच्या बाकावर काडीला ते ऐकू गेलं असणार. या वेळी मी खरं बोलले होते आणि ते मलाच सहन होत नव्हतं.