हिरव्या खुणा

मुंगीचा उजवा डोळा गेला. डावा राहतो की नाही ते आठवडाभरात कळेल, असं डॉक्टर म्हणतात. माझ्या वर्गातली, बारा वर्षांची पोर. अक्षर इतकं बारीक काढायची की मीच तिला मुंगी म्हणायला लागले.

वर्गात टॅब आणायचे म्हणून भांडलं कोण? मीच. वीस वर्षं गणिताच्या वह्या तपासून मान मोडली होती माझी. मुख्याध्यापक का-कू करायला लागले, तर त्यांना सुनावलं, "जग कुठे चाललंय आणि आपण अजून खडूच उगाळतोय!" टॅब आले. धडे ऑनलाइन, गणितं ऑनलाइन, वह्या कपाटात. पोरांनी गणित सोडवलं की माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर नावापुढे हिरवी खूण उमटायची. पूर्वी मी बाकांमधून फिरायचे, वाकून एकेकाच्या वहीत बघायचे. आता कशाला फिरा? गुडघेही कुरकुरतात.

चित्रकलेचे सर दारावरून जाताना टोमणा मारायचे, "काय बाई, उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय?"

"तुम्ही तुमचे रंग सांभाळा," मी म्हणायचे, आणि वर हसायचे. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मुंगीच्या सगळ्या खुणा हिरव्या. वेळ जरा जास्त लागायचा, एवढंच. पालकसभेत मी तिच्या आईला सांगितलं, "हिच्याकडे बघावंच लागत नाही!" आई शिवणकाम करते. पोरीचं कौतुक ऐकून तिचा चेहरा कसा फुलला होता! जाता जाता म्हणाली, "घरी मात्र हल्ली सुईत दोरा ओवून द्यायचा कंटाळा करते." मी म्हटलं, "अहो, वयच तसं आहे. घरचं काम नकोच असतं." मारे शहाणपण शिकवलं.

गेल्या सोमवारी नेट बंद पडलं. मी फळ्यावर गणितं लिहिली, कपाटातून वह्या काढून वाटल्या आणि कित्येक महिन्यांनी बाकांमधून फिरले. मुंगीपाशी आले आणि वाकून वहीत बघितलं. बोटाएवढाले आकडे, ओळ सोडून घसरलेले, एकमेकांवर चढलेले. नाक कागदाला टेकलेलं.

"अगं, फळ्यावरचं गणित कुठाय?"

"फळा नाही दिसत बाई," ती म्हणाली. इतकं सहज!

तिच्या आईला बोलावून घेतलं आणि तशीच दोघींना घेऊन दवाखाना गाठला. डोळ्याच्या आत सूज होती. ना लाली, ना दुखणं, मुकाट्याने डोळा खात बसलेली. "सहा महिन्यांपूर्वी आणली असती तर थेंबांवर भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. टॅब येऊन आठ महिने झालेत. हातात वही असती तर अक्षर बिघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं असतं. पण टॅबला कशाला शिव्या घालू? त्याने थोडंच मला खुर्चीला बांधून ठेवलं होतं!

काल भेटायला गेले. ऑपरेशन झालेल्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. आईने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. म्हणाली, "बाई, तुम्ही होतात म्हणून कळलं तरी. तुमचे उपकार कसे फेडू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंगीने आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. "बाई, मी टॅबवर अक्षरं मोठी करत जायचे. दर आठवड्याला थोडी थोडी. तुम्हाला दिसायचं ना?"

मी तिच्या पट्टीकडे बघत राहिले.

"तुम्हीच सांगितलं होतंत, 'कोण काय करतं ते सगळं मला इथे बसून दिसतं.' आणि तुम्ही काही बोलला नाहीत. मग मला वाटलं, सगळ्यांनाच मोठी करावी लागत असतील."

खोटं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. "नाही गं बाळा," मी म्हटलं. "मला नाही दिसलं. मी बघितलंच नाही."

आईने माझा हात सोडला.