नावाचं ताट

निकेश पहिल्यांदा धावताना दिसला त्या सकाळी दोघांनी मोटरसायकल थांबवून त्याला मागे बसायला सांगितलं आणि तिसऱ्याने त्याच्या घरी फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? सुकापुरात पायी चालतो तो गरीब आणि धावतो त्याच्या मागे कुणीतरी लागलेलं, असा साधा समज. त्यात हा रेती-खडीचा व्यापारी, वय बेचाळीस, वजन एकशे एक किलो, गळ्यात बोटभर जाडीची साखळी. पानाच्या टपरीपर्यंतही बुलेटवर जाणारा माणूस. तो सकाळी सहाला नेऱ्याच्या रस्त्याने धापा टाकत निघालेला पाहून लोक हसले, तर त्यांचं फार चुकलं असंही म्हणवत नाही.

पण धावण्यामागचं कारण कुणाला माहीत नव्हतं आणि कळू द्यायचंही नव्हतं. निकेशची थोरली बहीण भामा पळस्प्याला दिलेली. गणपती उठले त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, तिचं यकृत निकामी होत चाललंय. दारूला कधी शिवली नाही, बाहेरचं कधी खाल्लं नाही, तरी हे तिच्याच वाट्याला आलं. तिचं शरीरच आतून त्या यकृतावर उठलं होतं. जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा बसवला तर ती वाचेल; देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. तिचा नवरा विठू आणि मुलगी निशा, दोघांचाही रक्तगट जुळेना. निकेशचा जुळला. त्याने तिथल्या तिथे शर्टाची बाही वर सारली, नुसतं रक्त काढायचं असल्यासारखी.

डॉक्टरांनी त्याचीही तपासणी केली आणि बाही खाली करायला लावली. त्याच्या यकृतावर चरबी होती. असं यकृत घेतलं तर धोका तिलाही आणि त्यालाही. बारा किलो उतरवा, दारू बंद, भात-भाकरी अगदी बेताची, गोड-तळलेलं बंद. चरबी गेली की आठवड्यात ऑपरेशन करू. निकेशने विचारलं, तिच्याकडे वेळ किती? डॉक्टर म्हणाले, तीन महिने धरून चाला.

आता ही चरबी आली कुठून, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? निम्मी तर भामानेच घातलेली. आई गेली तेव्हा निकेश सहा वर्षांचा होता आणि भामा पंधराची. तव्यावरची पहिली भाकरी त्याची, हा तिचा नियम लग्नानंतरही सुटला नाही. आठवड्यातून दोनदा तो पळस्प्याला जेवायला जायचा. बाकी लोक विचारून वाढतात. भामा विचारायची नाही. पाच भाकऱ्या झाल्या की सहावी आपोआप ताटात पडायची, आणि निकेश नको म्हणत ती संपवायचा. भावाचं पोट हेच तिचं सगळ्यात मोठं देवस्थान होतं.

तिला आधी सांगायचं नाही असं का ठरलं, तेही ऐका. डॉक्टरांनी सुरुवातीला नुसता भावाचा विषय काढला, तशी ती खाटेवर उठून बसली होती.

"माज्या भावाच्या आंगाला सुरी लावाल तर मी गोल्या घेवाच्या बंद करीन," ती म्हणाली. "भाऊबीजेला मी त्याला आयुष्य मागतंय. त्याला कापून माजा आयुष्य वाढवाचा नाय मला."

भामा बोलली म्हणजे करणार, हे तिघांना ठाऊक होतं. मग विठूने तोडगा काढला. आधी सगळी तयारी करू, रिपोर्ट हातात आला की निकेशनेच तिला सांगावं. तारीख ठरल्यावर ती नाही म्हणणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही तो म्हणाला आणि निकेशला, निशाला ते पटलं. ज्याच्यासाठी मूठ झाकायची त्याला ती कशी दिसेल, हा विचार तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

तर निकेश धावायला लागला. डॉक्टर चाला म्हणाले होते, पण चालण्याने वजन फार हळू उतरेल असं त्यालाच वाटलं. पहिल्या दिवशी घरापासून देवळापर्यंत जेमतेम गेला आणि मोरीच्या कठड्यावर बसून राहिला. छातीत भाता चालू, पोटऱ्या दगड झालेल्या. एक कुत्रा येऊन त्याच्याकडे पाहून गेला, भुंकलाही नाही. चौथ्या दिवशी नवीन पनवेलचा विश्वजीत नावाचा एक बँकेतला माणूस, जो रोज तिथून धावायचा, आपण होऊन थांबला. म्हणाला, काका, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. आणि पळताना एक पूर्ण वाक्य बोलून बघा. मध्येच दम तुटला तर समजा वेग जास्त झाला.

वाक्य कुठलं बोलायचं, याचा निकेशला विचार करावा लागला नाही. "भामाबाय, तुला काय होनार नाय, मी हाय," असं तो रस्त्याने मोठ्याने म्हणायचा. आधी 'बाय'लाच दम तुटायचा. तीन आठवड्यांनी 'काय होनार'पर्यंत पोचला. दूधवाल्यांनी त्याचं डोकं फिरलंय असं ठरवून टाकलं. घरी त्याची बायको रंजिता रात्री मुलांना आधी जेवायला घालायची, भाताचं पातेलं उचलून ठेवायची आणि मग त्याच्यापुढे भाजी आणि डाळ ठेवायची. पुढे तुळशीचं लग्न झाल्यावर मित्रांच्या घरच्या हळदीला तो तोंड दाखवून पाणी न पिता परत यायचा. आमच्याकडे हळदीला जाऊन न जेवता येणं म्हणजे भांडण उकरून काढणं, पण त्याने तेही केलं.

सगळं जमलं, एक पळस्प्याचं घर सोडून. त्या घरात शिरलं की तव्याचा वास यायचा आणि त्याचा निर्धार पातळ व्हायचा. म्हणून त्याने जाणंच कमी केलं. गेला तर जेवून आलोय म्हणायचा, पोट बरं नाही म्हणायचा, चहासुद्धा नको म्हणायचा. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्यामुळे बोलताना तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा.

इथे एक गोष्ट त्याच्या लक्षात यायला हवी होती. भामाचे डोळे पिवळे दिसायला लागल्यापासून शेजारच्या बायकांनी त्या घरातलं पाणी सोडलं होतं. हा रोग कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी दहादा सांगितलेलं, पण गावात काविळीचं नाव निघालं की डॉक्टरांचं कोण ऐकतंय? बायका यायच्या, दारातच बसायच्या, हातात दिलेला चहा तिची पाठ फिरली की तुळशीमागे ओतायच्या. भामाने ते पाहिलं होतं. कुणाला बोलली नव्हती.

भाऊबीजेपर्यंत निकेश चौऱ्याण्णव किलोवर आला होता. भामाच्या पोटात पाणी भरलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, तरी ती पाटापाशी खुर्ची मांडून बसली. तिने ओवाळलं. त्याने ओवाळणी घातली. मग निशाने ताट आणलं. तांदळाची भाकरी, कोलंबीचं सुकं, करंज्या. निशा हळूच त्याला सांगून गेली, करंज्या आईने स्वतः भरल्यात, चार भरायला तिला अर्धा तास लागला.

निकेशने ताटाकडे पाहिलं. एका करंजीने काय झालं असतं? हा प्रश्न पुढे त्याने स्वतःला किती वेळा विचारला असेल त्याची गणतीच नाही. पण त्या दिवशी त्याला फक्त चरबी दिसत होती, यकृताच्या त्या काळ्या-पांढऱ्या फोटोतली. त्याने करंजी कपाळाला लावली, रुमालात गुंडाळली आणि घरी नेऊन खातो म्हणाला. बाकीच्या ताटाला हातही लावला नाही.

भामा त्याच्या हातातल्या रुमालाकडे बघत राहिली.

"वाळलास रं," एवढंच ती म्हणाली. आणि निशाला ताट आत न्यायला सांगितलं.

त्याला वाटलं, निभावलं. वाटेत त्याने करंजी गाईला घातली.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी पहाटेच त्याचे पाय नेऱ्याऐवजी उलट्या दिशेने वळले. नवीन पनवेलचे सेक्टर मागे पडले, हायवेचे ट्रक अंगावरून जायला लागले, तरी तो थांबला नाही. पळस्प्याच्या नाक्यापर्यंत न चालता, सलग. आणि आत वळल्यावर त्याने ते वाक्य म्हटलं, सगळं, 'मी हाय'पर्यंत, दम न तुटता. बहिणीच्या फाटकाशी पोचला तेव्हा इतका खूश होता की कडी वाजवायला हातही उचलला. मग आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. आता आत गेलो तर खाणार, याची त्याला खात्री होती. अजून दोन आठवडे, असं म्हणून त्याने हात खाली घेतला आणि मागे फिरला. येताना रिक्षाने आला.

डिसेंबरच्या दोन तारखेला काट्यावर अठ्ठ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम भरलं. तपासणी झाली. डॉक्टर हसले, पहिल्यांदाच. म्हणाले, छान झालंय, पुढच्या सोमवारी दोघं भरती व्हा. निकेशने दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच विठूला फोन लावला. मी येतोय, तिला मी सांगणार, आणि निशाला म्हणावं सहा भाकऱ्या टाक, असं सगळं त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. फोन निशाने उचलला. आईला रक्ताची उलटी झाली होती. गाडी निघाली होती, तो उभा होता त्याच दवाखान्याकडे.

अशा अवस्थेत तिला ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला दोन मिनिटं आत सोडलं. भामाच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले, हात पट्टीने बांधलेले. नर्स म्हणाली, बोला काय बोलायचं ते. तीन महिने नेऱ्याच्या रस्त्याला, कुत्र्यांना, दूधवाल्यांना ऐकवलेलं वाक्य त्याने बोलायला घेतलं. 'भामाबाय' म्हणाला आणि दम तुटला. उभ्या उभ्या तुटला. पुढचा शब्द निघेना. दोन मिनिटं संपली. शुक्रवारी पहाटे ती गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निकेश पळस्प्याला गेला. पाहुणे पांगले होते. निशा चुलीपाशी होती. मामा जेवून जा, असं ती म्हणाली आणि तो पाटावर बसला. तिने कपाटातून एक खोकं काढलं. त्यात स्टीलचं कोरं ताट होतं, दोन वाट्या, पेला. भांड्यांच्या दुकानात ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देतात तसं प्रत्येकावर कोरलेलं होतं, निकेश.

हे कधी घेतलं, असं त्याने विचारलं. निशा आधी सांगायलाच तयार नव्हती. मग म्हणाली, तू फाटकापर्यंत येऊन परत गेलास ना, त्या रविवारी. आई खिडकीत होती. दुसऱ्याच दिवशी बाबांना पनवेलला पाठवून हे आणवलं. कशाला ते बाबांना सांगितलं नाही. मलाच म्हणाली.

"काय म्हनाली?"

निशा ताट पुसत राहिली. पुसायचं काही नव्हतं, ते कोरंच होतं.

"म्हनाली, घाबरतो तो. घाबरू दे, लहान पोरं हायेत त्याला. याच्यात वाढ त्याला, आन सांग, माजा हात पन लागला नाय याला. मंग जेवंल."

तुला तरी ठाऊक होतं ना, तू का नाही सांगितलंस, असं निकेश निशाला विचारणार होता. पण तिचा चेहरा पाहिल्यावर कळलं की हा प्रश्न ती स्वतःला त्याच्या आधीपासून विचारते आहे. ठरवलं तिघांनी होतं. मूठ तिघांनी झाकली होती. त्यातल्या त्यात त्याने जास्त घट्ट. बहीण मेली त्याचं दुःख माणूस कधीतरी गिळतो. पण ती आपल्याला भित्रा समजून मेली, आणि तेवढ्यावर माफही करून मेली, हे कसं गिळायचं? तिला एवढंच सांगायचं होतं की बाय, तुझ्यासाठीच जेवत नाही. चार शब्द. त्यासाठी अठ्ठ्याऐंशी किलो व्हायची गरज नव्हती, रिपोर्टची नव्हती, धावायचीही नव्हती.

निशाने वाढलं. भाकरी, वालाचं बिरडं, भात. तो जेवायला लागला. सुरुवातीला घास फिरत होता, मग फिरेनासा झाला. तीन महिने बांधून ठेवलेली भूक होती, तिला दुखवट्याशी घेणंदेणं नव्हतं. दुसरी भाकरी झाली, तिसरी झाली. निशा प्रत्येक वेळी वाढू का विचारत होती आणि तो मान हलवत होता. पाचवी संपली तेव्हा ती तवा उतरवून पाणी आणायला आत गेली होती.

निकेश ताटावर हात ठेवून थोडा वेळ थांबला. सहावी आपोआप पडली नाही. मग त्याने निशाला हाक मारली आणि सहावी मागून घेतली.