माझं एकशे त्रेचाळिसावं पान

मी मेंढ्यांच्या आजारांवरचा ग्रंथ बोलतोय. नुसतं पुस्तक म्हणालात तरी चालेल, माझा तोरा केव्हाच उतरलाय. सध्या मी एका वायरमनच्या गोठ्यात, खुराकाच्या पोत्यावर उताणा पडलोय आणि मला फार घाई आहे. त्यामुळे छापखान्यातलं माझं बालपण, शाईचा वास, बांधणी करणाऱ्यांचे हात वगैरे सगळं वगळतो.

एवढंच सांगतो की मी सहाशे पानांचा आहे. मला लिहिणारे दोघं डॉक्टर मोठमोठ्या कळपांवर काम केलेले. त्यांनी सगळे आजार अकारविल्हे लावले. ज्याला आजाराचं नाव ठाऊक आहे, त्याला मी पटकन उत्तर देतो. ज्याला नावच ठाऊक नाही त्याने कुठे बघायचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही पडला नाही.

दुकानात माझ्या शेजारी एक पातळ पुस्तक उभं असायचं. घरामागे चार-सहा मेंढ्या पाळणाऱ्या माणसांसाठी लिहिलेलं. त्यातल्या प्रकरणांची नावं कशी, तर 'मेंढी उठत नाही', 'मेंढी लंगडते', 'लघवी लाल होते'. मी त्याची यथेच्छ टर उडवायचो. म्हणायचो, अरे, हे काय पुस्तक आहे की शेजारणींच्या गप्पा?

एक दिवस एक टेलर आणि त्यांची बायको दुकानात आले. आदल्या वर्षी बाईंची एक मेंढी पोट फुगून त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. काय करायचं ते न कळून त्या नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. दुकानदाराला म्हणाल्या, "माझ्या अडाणीपणापायी आता एकही जायला नको. असं काहीतरी द्या."

त्यांनी ते पातळ पुस्तक हातात घेतलं आणि बराच वेळ चाळलं. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण टेलर म्हणाले, "अगं, हे तर बाहीला पण पुरायचं नाही. घ्यायचं तर ऐसपैस घे. उरलं तर उरलं."

"साहेब बरोबर बोलतायत," दुकानदार म्हणाला. "ह्यात नाही असा आजार नाही."

त्याचं म्हणणं खरंच होतं. बाईंनी मला उचललं आणि मी असा काही फुगलो की सांगता सोय नाही.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान आणि मागे पत्र्याचा गोठा. गोठ्यात सात मेंढ्या. बाईंनी अस्तराच्या उरलेल्या कापडाचं मला कव्हर शिवलं, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि गोठ्यातल्या फळीवर ठेवलं. ओल्या हाताने त्या मला कधी शिवल्या नाहीत. खूर सडले, जंत झाले, खरूज आली, की त्या मला उघडायच्या. ही नावं त्यांना माहीत होती, त्यामुळे माझंही निभावत होतं. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

टेलर मात्र मेंढ्यांच्या वाटेला जात नसत. "आधी माझ्या सवतींचं जेवण, मग माझं," असं म्हणून बाईंना चिडवायचे. आणि एका संध्याकाळी तेच स्वतःहून गोठ्यात आले. हातात विटेएवढी लाल लादी होती, मधोमध भोक असलेली. चाटणवीट, जनावरांनी चाटायची मीठ-क्षारांची. त्यांनी ती तारेने खांबाला टांगली.

"खुराकाचा दुकानदार म्हणाला, जनावरं तकतकीत होतात हिने. म्हटलं, आणावी तुझ्या पोरींना."

बाई हातातलं काम ठेवून जवळ आल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आठवण झाली माझ्या मेंढ्यांची?"

विटेच्या वेष्टनावर गाईचं चित्र होतं. ते मला फळीवरून दिसलं आणि माझी पानं थंड पडली. गुरांच्या विटेत तांबं जास्त असतं. गाईला ते चालतं, मेंढीला चालत नाही. मेंढीच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठत राहतं, वरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि मग एकाएकी दोन-तीन दिवसांत खेळ खलास होतो. माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर, ताम्रविषबाधा या नावाखाली, ठळक अक्षरांत छापलंय: गुरांची चाटणवीट मेंढ्यांना कधीही देऊ नये. आणि मी त्या विटेपासून तीन हातांवर पिशवीत तोंड बंद करून बसलो होतो.

चार महिने! रोज त्या चाटायच्या आणि रोज मी बघायचो. एक लंगडी होती आणि एक तिच्यामागे राहणारी भित्री. बाकीच्या पाच जणी त्या दोघींना विटेपाशी फिरकू देत नसत. त्या दांडगाईला मी मनातल्या मनात दुवा देत होतो. टेलर आता रोज संध्याकाळी गोठ्यात येऊ लागले. दोघं नवरा-बायको पालथ्या बादल्यांवर बसून मेंढ्यांकडे बघत गप्पा मारायची. बाई एकदा म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुम्ही असे माझ्याजवळ कधी बसला होता हो?" टेलर लाजून हसले. मी काय करणार होतो? मी ओरडत होतो, पण पुस्तकाचं ओरडणं उघडल्याशिवाय ऐकू येत नाही.

मग लोकर कातरण्याचा दिवस आला. त्या धकाधकीने साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरलं आणि जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मेंढ्या उठेनात. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. बाईंनी धावत येऊन पिशवी फाडली आणि मला उघडलं.

आता माझ्यात शोधा, मी म्हणत होतो, त अक्षर काढा! पण त का काढावं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी लघवी काढलं. तिथे मुतखडा निघाला. कावीळ काढलं. तिथे मी छापील उर्मटपणाने म्हटलं होतं, 'पाहा: यकृताचे विकार'. ती चाळीस पानं. बाईंचा घाम माझ्यावर टपटप पडत होता. ते शेजारचं पातळ पुस्तक मला राहून राहून आठवत होतं. त्यात हे एका मिनिटात सापडलं असतं.

गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "नवीन काही खायला घातलंत का?"

"नाही हो. तेच, नेहमीचंच."

त्या खोटं बोलल्या नाहीत. चार महिन्यांपासून टांगलेली वस्तू कुणाला नवीन वाटेल? दुपारी डॉक्टर येऊन गेले, गोचीडताप असावा म्हणाले, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवसापर्यंत तिघी गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चौथी गेली आणि पाचवी मान टाकून पडली.

तेव्हा बाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि त्यांनी मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ओळीखाली बोट धरून. अ संपला, क संपला, ग संपला. मी जीव मुठीत धरून होतो. भर दुपारी त्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर पोचल्या. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर करून त्यांनी त्या विटेकडे पाहिलं. तसा चेहरा पुन्हा कुणाचा बघायची वेळ माझ्यावर न येवो.

त्यांनी वीट उतरवली आणि परसातल्या खड्ड्यात खोल पुरली. परत येऊन मला मांडीवर घेतात न घेतात, तोच टेलर आत आले. चार मेंढ्यांसाठी त्यांनी स्वतः खड्डे खणले होते. गुडघ्यांपर्यंत चिखल होता.

"सापडलं का गं काही? कशानं गेल्या?"

बाईंचं बोट माझ्या त्या ठळक ओळीवर होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ह्यात नाही."

मला आयुष्यात एकच काम होतं, आणि ते मी उशिरा का होईना केलं होतं! टेलर दुसऱ्या पालथ्या बादलीवर बसले. "मला कधी काही कळलं नाही तुझ्या मेंढ्यांतलं," ते म्हणाले. "एक ती वीट आणली, तेवढंच जमलं. ती कुठंय?"

"संपली चाटून," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ते बाहेर गेल्यावर त्यांनी माझं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं. मला दुखलं, पण राग नाही आला. त्या माणसाला हे कळलं असतं तर तो पुन्हा गोठ्यात बसला नसता. कदाचित बाईंजवळही बसला नसता. पाचवी संध्याकाळी गेली. लंगडी आणि भित्री, दोघी वाचल्या.

पंधरा दिवसांनी पँट आखूड करून घ्यायला हा वायरमन आला. त्याने नुकतीच पाच कोकरं घेतली होती. बाई दोघींना चरायला घेऊन गेल्या होत्या. टेलरांनी मला त्याच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. आमच्या कामाला आलं नाही, तुमच्या तरी येईल."

माणूस काळजी घेणारा आहे. रोज माझी पाच-दहा पानं वाचतो. परवा एकशे बेचाळिसावरून थेट एकशे पंचेचाळिसावर गेला आणि त्याच्या काहीही लक्षात आलं नाही. आज दुपारी त्याने इथूनच टेलरांना फोन लावला, स्पीकरवर.

"टेलर, कोकरांना चाटायला काय आणू हो?"

"एक लाल वीट मिळते बघा," टेलरांचा आवाज आला. तो जरा उजळला होता. "गाईचं चित्र असतं वर. आमच्या तर जीव टाकायच्या तिच्यावर. दुसरं काही बघूच नका."

बाई, तुम्ही हे ऐकलं नसेल. तुम्ही मागे असाल, त्या दोघींपाशी. तुमच्या खोट्याने मी बदनाम झालो, त्याचं मला काही नाही. पण आता त्यांना खरं काय ते सांगून टाका. ते रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, तुमच्याकडे बघायला त्यांना जड जाईल. तरी सांगा. नाहीतर ही पाच पण त्यांच्याच नावावर जातील, आणि या खेपेला लपवायला तुमच्या हाताशी पानसुद्धा नाही. कोकरं आत्ता माझ्याभोवती खुराक खाताहेत, एक माझ्या कव्हराचं टोक चघळतंय. वायरमन उद्या सकाळी ती वीट आणायला जाणार आहे. दुकान नऊला उघडतं.