एका कानापुरता कर्णा

मी कर्णा बोलतोय. हातात धरायचा, मागे खटका आणि पुढे पसरट तोंड असलेला. आजवर या तोंडातून पुष्कळ बोललं गेलं, पण त्यातला एक शब्दही माझा नव्हता. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय, तेव्हा थोडी खरखर झाली तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काही भावंडं आगीच्या बंबावर गेली, काही समुद्रकिनाऱ्यावर. माझी रवानगी झाली एका प्राथमिक शाळेत. मी चांगलाच हिरमुसलो. "नाक पुसा, रांगेत उभे राहा" हे सांगण्यात कसला आलाय रुबाब!

पण तिथे मला खेळाच्या बाई भेटल्या.

मुलं त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहून त्यांनी "ए, बुटाची नाडी!" म्हटलं, की दुसऱ्या टोकाची झाडून सगळी पोरं वाकून आपापल्या नाड्या बघत. खरं तर त्यांना माझी गरजच नव्हती. त्या मला फक्त शुक्रवारी हातात घेत.

शुक्रवारी शाळा सुटली की फाटकापाशी आई-बाबा, आजी-आजोबा, काका-मावश्या जमत. शाळेचा बातम्यांचा कागद दर आठवड्याला दप्तरातून घरी जाई, पण तो बहुधा डब्याखाली चुरगळून तेलकट होई. म्हणून बाई पायरीवर उभ्या राहून बातम्या वाचायच्या. वाचायच्या कसल्या, रंगवून सांगायच्या.

"तिसरीतल्या जुळ्या बहिणींपैकी एकीचा दात पडलाय. दुसरीचा अजून हलतोय, तिला धीर द्या. बुधवारी डोळे तपासायला डॉक्टर येणार आहेत. चष्मा लागला तर रडायचं नाही, मी पण लावते. चौथीतल्या एकाच्या घरी मांजर व्यालंय. पिल्लं हवी असतील तर त्याच्या आईला भेटा, ती बिचारी टेकीला आली आहे!"

एकदा त्या म्हणाल्या, "दुसरीत एक नवी मुलगी आली आहे. तिचे बाबा ते बघा, खांबापाशी एकटेच उभे आहेत. कुणीतरी बोला की त्यांच्याशी!" ते बाबा लाजून लाल झाले. पुढच्या शुक्रवारी बघतो तर ते चार जणांच्या घोळक्यात उभे राहून हातवारे करत होते. त्या दिवशी मला माझी नोकरी आवडली.

असं छान चाललेलं असताना बाईंचा घसा बसला. आधी वाटलं सर्दी असेल. पण आवाज काही सुटेना. डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी हुश्श केलं. मात्र डॉक्टरांनी बजावलं, "काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. नंतरही ओरडणं कायमचं बंद."

मग शुक्रवारी मला मुख्याध्यापकांनी हातात घेतलं. माणूस सज्जन, पण बातमी अशी वाचत, जणू परीक्षेचं वेळापत्रक. लोक ऐकता ऐकता पोरांचे हात धरून निघून जाऊ लागले. त्यातच एकदा त्यांनी खटक्याऐवजी धोक्याच्या भोंग्याचं बटण दाबलं आणि ते अडकूनच बसलं. मी असा काही केकाटलो, की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. बिचाऱ्यांनी मला कोटात गुंडाळून आत नेलं.

"पुरे झालं," ते ऑफिसात म्हणाले. "या महिनाअखेर हे बंद करू. कागद जातोच आहे घरोघरी."

त्याच सुमारास बाई कामावर आल्या. बोलायची परवानगी मिळाली होती, पण आवाज कसला, नुसता वारा. मुख्याध्यापकांच्या टेबलाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "सर, मला ऑफिसातलं काम द्या. मैदानावर माझा आता काही उपयोग नाही."

"बाई, घाई करू नका."

"शिट्टी फुंकून किती दिवस भागवणार?" असं म्हणून त्यांनी मला उचललं. माझं बटण दुरुस्त करायच्या निमित्ताने मला त्या घरी घेऊन गेल्या.

घरी त्यांची आई होती. म्हाताऱ्या आजींना फार कमी ऐकू यायचं. कानातलं यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी डबीत ठेवून दिलेलं. इतकी वर्षं त्याची गरजही पडली नव्हती, कारण घरात तोफ होती. दर शुक्रवारी संध्याकाळी बाई शाळेच्या सगळ्या बातम्या आईला पुन्हा सांगत आणि आजी आठवडाभर त्याची वाट बघत. आता मायलेकींच्या मध्ये एक पाटी होती. बाई खडूने लिहीत, आजी वाचत आणि मान हलवत.

मी पहिल्यांदा गेलो त्या संध्याकाळी बाईंनी पाटीवर शाळेची एक बातमी लिहिली. आजींनी पाटी बाजूला ठेवली.

"वाचून कळतं गं मला. पण तू सांगतेस ना, तेव्हा ती पोरं घरात येतात."

बाईंचे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि माझं बटण उचकटत बसल्या. ते सुटल्यावर, चालतोय का बघायला त्यांनी आवाज अगदी बारीक करून माझ्यात म्हटलं, "आई."

माझं तोंड योगायोगाने आजींच्या कानाकडे होतं.

"ओ!" आजी दचकून म्हणाल्या. मग हळूच हसल्या. "ऐकू आलं. पुन्हा म्हण."

"आई."

"आता बातम्या सांग."

त्या संध्याकाळी साठलेल्या सगळ्या बातम्या माझ्यातून आजींच्या कानात गेल्या. जुळ्यांपैकी दुसरीचाही दात पडल्याचं कळल्यावर आजींना कोण आनंद झाला! शेवटी बाईंनी हेही सांगितलं, की शुक्रवारच्या बातम्या आता बंद होणार.

"का म्हणून? तू जा की."

"या आवाजाने? लोक हसतील, आई."

"हसू देत. मी येते तुझ्याबरोबर. बघतेच कोण हसतं ते."

आणि खरंच आल्या. पुढच्या शुक्रवारी पायरीशेजारी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. बाईंनी मला तोंडाशी धरलं. पण माझ्यात आवाज मोठा होतो तसा घोगरेपणाही मोठा होतो. लोकांना नुसती खरखर ऐकू गेली. रस्त्यावरून बस गेली, त्यात तीही बुडाली.

"बाई, ऐकू येत नाही!" मागून एक बारीक आवाज आला.

बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही, पण लोक चुळबुळत एकमेकांकडे बघू लागले. बाईंचा अंगठा खटक्यावरून हळूहळू सुटत चाललेला मला जाणवला. त्या पायरी उतरायला वळल्या.

तेवढ्यात आजींनी माझं तोंड पकडलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. "मला सांग."

बाई मागे वळल्या. मग कुजबुजल्या, "पहिलीच्या मुलांनी लावलेल्या भोपळ्याला फूल आलंय."

आजी गर्दीकडे वळल्या. स्वतःचाही आवाज धड ऐकू येत नसलेलं माणूस जसं बोलतं, तशा त्या गरजल्या, "अहो! पहिलीच्या भोपळ्याला फूल आलंय!"

पलीकडच्या थांब्यावरची माणसंसुद्धा वळून बघू लागली. तोफ कुठल्या कारखान्यात तयार झाली, ते मला तेव्हा समजलं.

मग काय विचारता! बाई माझ्यात कुजबुजायच्या, मी आजींच्या कानात सांगायचो आणि आजी साऱ्या रस्त्याला. वर पदरची भर घालायच्या. "उद्या बाग साफ करायची आहे, सगळ्यांनी या. बाबांनीसुद्धा! खुरपं धरून कुणाची झीज होत नाही!" मध्येच थांबून एका मुलीला जवळ बोलावलं. "तुलाच ना गं चष्मा लागला? छान दिसतोय." मग सगळ्या गर्दीला, "आणि मांजराची पिल्लं गेली का सगळी?" आयुष्यात प्रथमच भेटलेल्या या आजींना आपलं सगळं कसं ठाऊक, म्हणून मुलं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. आजी मात्र एकेका चेहऱ्याकडे अशा बघत होत्या, जशी खूप दिवसांनी माहेरची माणसं भेटावीत.

बंद करण्याची भाषा मुख्याध्यापकांनी त्यानंतर काढली नाही. ऑफिसच्या कामाबद्दल बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

घोटाळे होतात, नाही असं नाही. एकदा बाईंनी सांगितलं, "शनिवारच्या संमेलनाला बसायला घरून खुर्च्या आणा." आजींनी जाहीर केलं, "मिरच्या आणा!" बाई त्यांचा पदर ओढत होत्या, पण तीर सुटला होता. शनिवारी सगळी मंडळी गवतावर बसली, आणि मुख्याध्यापक घरी जाताना मिरच्यांची भलीमोठी पिशवी घेऊन गेले.

आता मी म्हातारा झालोय. खटका दोऱ्याने बांधलाय. शाळेच्या भिंतीवर नवा ध्वनिक्षेपक बसलाय, घंटा-बिंटा तोच बघतो. मी बाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीवर असतो.

तिथून एक गोष्ट मला दिसते, ती तेवढी सांगतो. दमून आलेल्या बाई कधी काहीतरी पुटपुटतात. आजी विचारतात, "काय म्हणालीस?" बाई म्हणतात, "काही नाही." आजी मान हलवतात, समजल्यासारखी. एवढंसं होतं त्यांचं तोंड. मग बाईंच्या लक्षात येतं. त्या मला खुंटीवरून काढतात आणि म्हणतात, "पाय दुखतायत म्हटलं." आजी लगेच म्हणतात, "मग असं सांग की! बस, चेपून देते."

तुमच्याही घरात कुणी 'काय म्हणालास?' असं विचारणारं असेल. त्यांना 'काही नाही' म्हणू नका. पायांचं असो, पावसाचं असो, पुन्हा सांगा. जवळ जाऊन सांगा.

अजून पुष्कळ बोललो असतो, पण आतून हाक आली आहे, गल्लीभर ऐकू जाईल अशी. "अगं, शुक्रवार आहे ना आज? कर्णा घेतलास का?"

येतो मी.