काटकीवर न येणारा

आमच्या काचघरात जी फुलपाखरं आहेत ना, त्या खानदानाचं नाव हेलिकोनियस. माझ्या जिभेला गाठ पडते, म्हणून मी त्यांना पट्टेवाले म्हणतो. समुद्रापलीकडच्या गरम रानांतली मंडळी. कुणी नदीकाठचं, कुणी डोंगरातल्या धुक्यातलं. खोरं बदललं की अंगावरचे कपडेही बदलतात. आमच्याकडच्यांची खोड अशी, की दिवसभर कुठंही उंडारोत, उजेड कमी झाला की सगळे एकाच वाळक्या काटकीवर दाटीवाटीनं झोपायला हजर. मी माळी, पण ती काटकी छाटायची माझी हिंमत नाही.

एक मात्र लांब, पानाखाली एकटाच लटकायचा. रंग तोच, लाल पट्टा तोच.

हे बंब्याच्या डोळ्यांत सलायला लागलं. बंब्या म्हणजे काचघर ऊबदार ठेवणारा आमचा बॉयलरवाला. बायको गेल्यापासून पाळी संपली तरी घरी जायचं नाव घेत नाही.

"वाळीत टाकलाय रे ह्याला," म्हणाला, आणि त्याला अलगद बोटावर घेऊन काटकीवर नेऊन बसवला. तो उडाला, परत पानाखाली. मग रोज संध्याकाळी हाच उद्योग.

"अरे लेका, पंख फाटेल त्याचा!"

"गप रे. चार दिवस लाजेल, मग रुळेल."

शेवटी काचघराच्या बाईंनी त्याला पकडलं. ही फुलपाखरं त्यांनीच मागवलेली.

"काका, तो त्यांच्यातला नाहीच हो. रान एक, म्हणून पोशाख सारखा. दोघंही कडू; पक्ष्यानं एकाला चाखलं की दुसऱ्याच्याही वाटेला जात नाही. पण जात निराळी. ह्याच्यातले बरेचसे एकटेच झोपतात. त्याला काही वाटत नाही त्याचं."

"त्यानं सांगितलं तुम्हाला?"

बाई हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. मग निघून गेल्या.

बंब्यानं बादली पालथी घातली आणि पानासमोर बसला. बोट नाही लावलं. म्हणाला, "ह्याला झोप लागली हे कळतं कसं रे?"

"नाही कळत. ह्यांच्या डोळ्यांना पापणीच नसते."

"मग माझ्यासारखंच."

मी दुसरी बादली ओढली. म्हटलं, आज बसू ह्याच्याबरोबर. काचेवरून पाणी ओघळत होतं. बंब्या माझ्याकडं न बघताच म्हणाला, "ऊठ, घरी जा. वहिनी खोळंबल्या असतील."

गेलो मग. खोळंबलीच होती ती.