फळ्यावरचा गोतावळा

बोईसरच्या एका स्वयंपाकघरातला पांढरा फळा मी. जन्मलो मात्र कारखान्यासाठी. माझ्या कपाळावर लाल अक्षरांत 'अपघाताविना दिवस' छापलंय, शेजारी आकड्याची चौकट. पुढे तिथे दिव्यांचा बोर्ड आला नि मी भंगारात गेलो. सुजितने मला उचलून आणलं, नव्या नवरीला भेट म्हणून. हिमानीने लगेच मार्कर उघडला. माझ्यावर लिहायलाच लागली.

ती पीएचडी करते. आकाशात आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका गोतावळा करून राहतात. त्यांचे वेग मोजले की गोतावळ्याचं वजन कळतं. वजनदार गोतावळे किती ते मोजलं की विश्वात पदार्थाचा वाटा किती, ते कळतं. मला पाठ आहे. माझ्याच अंगावर लिहिलंय सगळं.

पण तिचं उत्तर निम्म्यावर जात होतं. बाकीच्यांचं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं. सोमवारपर्यंत चूक शोधून तिला मार्गदर्शक सरांना दाखवता आली नाही, तर दोन वर्षांचं प्रकरण प्रबंधातून बाद.

"लिही की थोडं कमी करून. कोण बघतंय?" सुजित म्हणाला.

"मी बघतेय."

रविवारी सासूबाई, झुंबरबाई, लसूण सोलत शेजारच्या अर्चनाताईंना सांगत होत्या, "गृहप्रवेशाला आमची सूनबाई दारात दिसेल त्याच्या पाया पडत सुटली. पाण्याचा जार घेऊन वर निघालेल्या धर्मेशच्यासुद्धा! तो जार खांद्यावर तसाच धरून म्हणतो, 'खुश रहो.'"

"मला वाटलं, काका असतील," हिमानी पुटपुटली.

"दारात दिसला म्हणून घरचा होतो का गं? चाल बघायची. घरचे दाराशी घुटमळत होते, तो तरातरा निघालेला."

हिमानीच्या हातातला लसूण हातातच राहिला. मग तिने मार्कर उचलला. काही दीर्घिका नुसत्याच एका रेषेत दिसत होत्या. होत्या दूर मागे, आपल्या वाटेने निघालेल्या. त्यांचे वेग धरल्याने गोतावळ्यांचं वजन फुगलं होतं. जागा आणि वेग दोन्ही तपासून तिने परके वगळले, सगळं पुन्हा मोजलं.

०.३१.

सोमवारी सरांनी प्रकरण ठेवलं. सुजितने तो आकडा माझ्या चौकटीत लिहिला. सासूबाईंनी वरपासून वाचलं, "अपघाताविना दिवस, शून्य पूर्णांक एकतीस. एक दिवससुद्धा धड नाही?"

कारखान्यात माझा आकडा रोज पुसला जायचा. हा टिकलाय. सणासुदीला मला जरूर पुसा, चौकट तेवढी सोडा.

आज धर्मेश जार घेऊन आला. हिमानी दारात गेली तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"पाया नाही पडत," ती म्हणाली. "चहा घ्या."